पेन्सिलीला घर हवं

जर्मनीत पहिलीतल्या मुलाचं दप्तर भरायचं, तर आधी शाळेची यादी वाचायला शिकावं लागतं. आमच्या श्टुटगार्टच्या शाळेने ती उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच हातात ठेवली. भाषेची फाइल लाल, गणिताची निळी, परिसर अभ्यासाची हिरवी. वही नुसती रेघी चालत नाही, पहिलीला १ नंबरच्या आखणीची लागते, दुसरीला २ नंबरची. शिवाय प्रत्येक वस्तूवर नाव, म्हणजे रंगीत पेन्सिलींवरसुद्धा, एकेकीवर. मी इंदूरच्या खजूरी बाजारात, म्हणजे वह्या-पुस्तकांच्या बाजारात वाढलेली. दुकानदाराने सुतळीने बांधून दिलेला गठ्ठा घरी आणायचा, आईने खाकी कव्हरं घालायची, की शाळेची तयारी झाली. एका नारिंगी फाइलसाठी दुकानामागून दुकान पालथं घालताना या लोकांच्या काटेकोरपणाचा मला मनापासून राग आला होता.

तरी इंदूरहून वहिनी फोनवर म्हणाल्या, “ताई, तिकडची मुलं जन्मजात शिस्तीची. आमच्या चिरंजीवांचं दप्तर उघडलं की भंगारवाल्याचं दुकान!” ते मला पटलं नाही. इथली मुलंही मोजे कुठेही टाकतात. दप्तर नीट राहतं, कारण त्यात पसारा करायला मोकळी जागाच कमी ठेवलेली असते.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे इथली कंपासपेटी, ‘मेप्शेन’. पुस्तकासारखी उघडणारी, चेनची. आत इलास्टिकचे छोटे छोटे पट्टे शिवलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्यात एकच पेन्सिल बसते. खोडरबर, शार्पनर, पट्टी यांचीही जागा ठरलेली. पेटी उघडली की रिकामा पट्टा लगेच दिसतो. “हिरवी कुठाय?” हे आईला विचारावंच लागत नाही, मूल स्वतःच बाकाखाली शोधायला वाकतं. आपल्या पत्र्याच्या कंपासमध्ये कर्कटक, तुटकी शिसं, रबराचे तुकडे आणि कुणाचं तरी टोपण एकत्र खडखडत असतं. त्यातून काय हरवलं ते कळतं थेट परीक्षेच्या दिवशी.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे ‘पोस्टमापे’, घरच्या टपालाची फाइल. शाळेची सूचना, सहलीचा फॉर्म, सहीचा कागद, सगळं तिच्यातच. रोज संध्याकाळी मी तेवढीच उघडते. वह्यांच्या पानांत चुरगळलेली नोटीस आठवड्याने सापडण्याचा प्रकार जवळजवळ बंद झाला.

पाठ्यपुस्तकं मात्र आमची नसतातच. या राज्याच्या, बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या, संविधानातच सरकारी शाळांतलं शिक्षण आणि अभ्याससाहित्य मोफत असल्याचं लिहिलंय. पुस्तकं शाळेची, वर्ष संपलं की परत करायची. आतल्या पानावर आधी ज्यांनी ती वापरली त्या मुलांची नावं असतात. कव्हर घालण्याची सवय मी इंदूरहून आणली होती, ती इथे चांगली कामाला आली.

सगळंच कौतुकाचं नाही. इथलं नामांकित दप्तर २०० युरोंच्या वर जातं आणि रिकामंच सुमारे किलोभर भरतं. आपल्याकडच्या २०२०च्या स्कूल बॅग धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो. त्या हिशेबाने जर्मन दप्तर अर्ध्या वाटेवर तर न भरताच पोचलेलं असतं. नशीब, बरीच पुस्तकं वर्गातल्या कप्प्यातच राहतात.

वहिनींना मी म्हटलं, तुम्हाला हे जड का जावं? आपलं इंदूर २०१७ साली स्वच्छतेत पहिलं आलं आणि मग येतच राहिलं, ते दारात कचरा वेगळा करूनच ना! गाडी आली की ओला, सुका, प्लास्टिक कुठे टाकायचं ते घरातली पोरंसुद्धा सांगतात. मग तीच पोरं गृहपाठाची वही आणि चिक्कीचा कागद एकाच कप्प्यात का कोंबतात? तर कचऱ्यासाठी डबे आधीच ठरलेत, दप्तरासाठी कुणी ठरवलेच नाहीत.

महागडी मेप्शेन मागवायची गरज नाही. जुन्या कापडी पाऊचमध्ये इलास्टिकच्या पट्टीवर थोड्या थोड्या अंतराने टाके घाला, घरं तयार. विषयवार रंगीत कव्हरं खजूरी बाजारात मिळतील, आणि वेळापत्रकाच्या चौकटीही त्याच रंगांनी रंगवा. मग अक्षरं अजून अडखळत वाचणारं पोरही आपलं दप्तर आपण भरतं. शनिवारी दप्तर चादरीवर उलटं करा, पण मुलाकडूनच. आपण आवरून दिलं की सोमवारी तेच.

एका बाबतीत जर्मन पद्धत आपल्या उपयोगाची नाही. इथल्या डब्यात ब्रेड, काकडी, सफरचंद. सगळं कोरडं. बटाट्याच्या रस्स्याचं तेल गणिताच्या वहीत उतरण्याचा प्रश्न यांना माहीतच नाही. तेव्हा वहिनी, डबा वेगळ्या पिशवीत आणि दप्तराच्या बाहेर!