कोमो तलाव बघायचाय? मग कोमो गाव टाळा

इटलीत मिलानहून कोमो गावाला जायचं आणि तिथून बोटीने तलावाकाठचं बेलाजिओ गाव गाठायचं, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथे तिकिटाची रांग वेगळी आणि बोटीत चढायची वेगळी, हे मात्र कुणीच सांगितलं नाही. साधी बोट दोन तास घेते, कारण ती वाटेतले थांबे घेत या काठावरून त्या काठाला जात राहते. जलद बोट तासाच्या आत नेते, पण महाग, बसायचं आत, आणि आम्ही पोचलो तेव्हा ती भरलेली होती. डोक्यावर ऊन, पुढच्याची सॅक पोटात रुतलेली, टेकायला जागा नाही. निम्मा दिवस यात संपला आणि अजूनही आठवलं की चिडचिड होते.

तेव्हा स्पष्ट सांगतो. एकच दिवस असेल तर कोमो सोडा, तलावाच्या दुसऱ्या काठावरच्या वारेन्ना गावाला जा. मिलानच्या मुख्य स्टेशनातून, मिलानो चेंत्रालेहून, रेल्वेने तासाभराचं अंतर. फलकावर वारेन्ना शोधत बसू नका, तिथे बहुधा गाडीचं शेवटचं स्टेशन, तिरानो, लिहिलेलं असतं. डावीकडची खिडकी पकडा, वाटेतलं लेक्को स्टेशन सुटलं की तलाव त्याच बाजूला. कागदी तिकिटावर चढण्याआधी यंत्रातून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही दंड बसतो. वारेन्ना स्टेशनातून बोटीचा धक्का चालत दहा मिनिटांच्या आत, पुढे बोटीने पंधरा मिनिटांत बेलाजिओ. उतरल्या उतरल्या परतीच्या बोटीची आणि गाडीची वेळ बघून ठेवा.

बेलाजिओत पाण्याकाठच्या टेबलांवर जेवू नका. आमच्या बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, होता, वर सेवेचे पैसे वेगळे, आणि न मागता आलेल्या पाण्याच्या बाटलीचेही. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात सगळं छापलेलं असतं, त्यामुळे भांडून उपयोग नाही. आधी तळ वाचा, मग बसा. नाहीतर सँडविच बांधून घ्या आणि गावाच्या टोकाला पुंता स्पार्तिव्हेंतोवर जा. तलावाचे फाटे तिथे फुटतात, बसायला पैसे पडत नाहीत.

शाकाहारींनी मिलानचा रिसोत्तो, म्हणजे केशर घातलेला मऊ भात, विचारूनच मागवावा. पारंपरिक कृतीत हाडातली मज्जा आणि मांसाचं पाणी असतं. तलावाकाठी चीज-लोण्यातली पोलेंता उंचा (मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा) मिळाली तर जरूर खा, पोट भरतं.

वारेन्नाच्या डोक्यावरचा वेजिओचा किल्ला चुकवू नका. दगडी पायवाट अर्ध्या तासाची, खडी. सिंहगड पायी चढणाऱ्याला किरकोळ, पण गुळगुळीत तळव्याच्या चपला नकोत. वरून खाली बेलाजिओ, मागे डोंगर, बोटी ठिपक्यांएवढ्या. सगळा थकवा उतरला! त्या रांगेत उभं राहण्याऐवजी सकाळीच इथे यायला हवं होतं.

मिलानमध्ये दुओमो (मोठं चर्च) वगैरे मेट्रोने सहज होतं. लिओनार्दोचं 'शेवटचं भोजन' हे चित्र मात्र आधी आरक्षण केल्याशिवाय दिसत नाही. आत फक्त 15 मिनिटं, सोमवारी बंद. विमानाचं तिकीट काढलंत की लगेच अधिकृत संकेतस्थळावर तारीख बघा. तिथे संपली की दलाल तेच तिकीट 'गाइडसह' कितीतरी जास्त भावाने विकतात.