लक्ष्मी रस्त्याच्या मधोमध

पुणे महापालिका 2021पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा वाहनांसाठी बंद ठेवला जातो. आज मी तिथे मुद्दाम रेंगाळलो. एरवी जिथे हॉर्नच्या कलकलाटात पिशव्या छातीशी धरून अंग चोरत चालावे लागते, तिथे एक आजी रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून नातवाकडून दुकानांच्या पाट्या वाचून घेत होत्या, आणि तो एखाद्या जोडाक्षरावर अडखळला की येणारे-जाणारेही थांबून त्याला मदत करत होते.

दुकानदार मात्र एकमताचे नव्हते. एका कापड दुकानदारांनी स्पष्टच सांगितले, "अहो, गर्दी दिसते, पण गिऱ्हाईक कुठे आहे? बस्ता बांधायला येणाऱ्यांना गाडी दारापर्यंत लागते." त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही (गाडी लावायला त्यांच्या दारात जागा एरवी तरी कुठे असते, हा भाग वेगळा).

खरी नाराजी आतल्या गल्ल्यांत होती. वळवलेल्या दुचाकी आणि रिक्षा तिथे अडकून पडल्या होत्या, आणि फाटकातून स्कूटर बाहेर काढता न आलेले एक काका म्हणाले, "तिकडे तुमची जत्रा, इकडे आमच्या दारात धूर!" त्यांचे म्हणणे मला सर्वांत रास्त वाटले. रस्ता बंद ठेवण्याचा बेत आखताना दुकानदारांइतकेच या गल्लीकरांनाही आधी विचारायला हवे, आणि गाड्या मंडईजवळच्या वाहनतळांकडे नेणारे फलक अलीकडच्या चौकांतच लावायला हवेत.