सोळा हजारांचं पत्र

मी पुण्यातल्या एका आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेडला शिकवतो. रिझल्ट लागला की आमच्याकडे नुसती धावपळ, कुणाला मार्कशीट हवी, कुणाला दाखला, आणि निम्म्या पोरांचा एकच प्रश्न, सर, आता अप्रेंटिस करू का डिप्लोमा? यावर दोन मिनिटांत उत्तर देणारे गल्लोगल्ली भेटतात आणि मला त्याचाच राग येतो, कारण विचारणारं पोरगं अठरा वर्षांचं असतं आणि पुढची सगळी वर्षं त्यालाच काढायची असतात.

त्या दिवशी माझ्या बॅचची एक मुलगी आली, सोबत आई आणि मामा. वडील रिक्षा चालवतात, घर दिघीला. आईचं ठरलेलं होतं, डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भरायचा, पुढे इंजिनिअरिंग. प्रवेशाची मुदत संपत आलेली. आणि मामांच्या हातात चाकणच्या एका कंपनीचं पत्र.

"सर, अप्रेंटिसशिप मिळालीय हिला. सोळा हजार हातात. सोमवारी जॉइन व्हायचंय. इतकी वर्षं कॉलेज करून पोरांना किती मिळतात ते तुम्हीच सांगा."

मामांचं काही चूक नव्हतं. डिग्री घेऊन वीस हजारांसाठी फिरणारी पोरं मीही बघतो. आणि या पट्ट्यात अप्रेंटिसशिपला मान आहे, टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, अप्रेंटिस करून पुढे भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकलेली माणसं आजही भेटतात. म्हणून मी आधी पत्र मागितलं. माझी सवयच आहे, आधी कागद वाचायचा, मग बोलायचं.

पत्र कंपनीचं नव्हतंच. वर नाव लेबर कॉन्ट्रॅक्टरचं. पद 'ट्रेनी', मुदत अकरा महिने, विभाग असेंब्ली लाइन. ट्रेडचा उल्लेख कुठेच नाही. आणि खाली बारीक अक्षरात, कामाच्या गरजेनुसार ओव्हरटाइम करावा लागेल.

मी मामांना म्हणलं, मामा, ही अप्रेंटिसशिप नाही. अप्रेंटिसशिपला १९६१ चा कायदा आहे, त्यात कंपनी आणि मुलगी यांच्यात करार होतो, तो सरकारच्या पोर्टलवर नोंदवला जातो, त्यात ट्रेड लिहिलेला असतो, काय शिकवणार ते ठरलेलं असतं, शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. आणि त्या कायद्यात ओव्हरटाइम सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करवताच येत नाही, कारण ती तिथे शिकायला गेलेली असते. या पत्रात यातलं काहीच नाही. अकरा महिने लाइनवर बोल्ट आवळायचे, बाराव्या महिन्यात घरी. दोन वर्षं मशीन शिकलेली मुलगी तिथे काय नवीन शिकणार?

मामांनी पत्र परत वाचलं. मग विचारलं, "मग खऱ्या अप्रेंटिसला किती देतात?"

खरं ते सांगितलं. २०१९ च्या नियमाप्रमाणे आयटीआय झालेल्याला तेव्हा कमीत कमी ७,००० रुपये महिना होते, चांगल्या कंपन्या त्याहून जास्त देतात पण सगळ्याच नाही. शिवाय नोकरीत घ्यायलाच पाहिजे असं कंपनीवर बंधन नसतं. मामा म्हणाले, "सर, सात हजारांत बस आणि डबाच निघेल." हे मी खोडून काढू शकत नव्हतो. नऊ हजारांचा फरक रिक्षावर चालणाऱ्या घराला फार मोठा असतो आणि ज्याला तो फरक माहीत नाही त्याने अशा घराला सल्ले देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

इतका वेळ मुलगी गप्पच. तुला काय करायचंय असं मी पोरांना आईबापासमोर कधीच विचारत नाही, ती आईच्या तोंडाकडे बघतात आणि आईचंच उत्तर देतात. मी विचारलं, दोन वर्षांत सगळ्यात जास्त कशात रमलीस? तर लगेच म्हणाली, "व्ही-ब्लॉकमध्ये, सर."

सगळ्यांना घेऊन शॉपमध्ये गेलो. तिने कपाटातून तिची व्ही-ब्लॉकची जोडी काढली, म्हणजे गोल नग धरायचे व्ही खाचेचे लोखंडी ठोकळे, ऑइल पुसलं, सरफेस प्लेटच्या सपाट पाटावर दोन्ही ठेवले, वर ग्राइंड केलेला गोल बार आडवा टाकला आणि डायल इंडिकेटर या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत नेला. काटा जेमतेम एक घर हलला, म्हणजे दहा मायक्रॉन, मिलीमीटरचा शंभरावा भाग. आई बघत होती पण कळत नव्हतं, तर ती स्वतःच सांगायला लागली, "आई, हे दोन्ही ठोकळे सारख्याच उंचीचे झालेत बघ, केसाच्या जाडीपेक्षा पण कमी फरक आहे, पहिल्यांदा वीस मायक्रॉन जास्त आले होते तर मी परत ग्राइंडरवर स्पार्क काढत बसले, सगळे जेवायला गेले तरी." दोन वर्षांत मी तिला एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मामाही वाकून काटा बघायला लागले.

तिथेच उभ्याउभ्या आई म्हणाली, "सर, एकदा हातात पैसे आले की पोरं परत शिकत नाहीत. माझा हा भाऊच बघा, बारावीनंतर कंपनीत लागला, म्हणला पुढच्या वर्षी कॉलेजला जातो." मामा खाली बघून म्हणाले, "खरंय, सर. राहिलं ते राहिलंच."

ही भीती खरी आहे, मी तिला हलक्यात घेत नाही. म्हणून पुढचा सगळा रस्ता कागदावर काढून दाखवला. दहावी आणि दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं, आणि वर्षभर गॅप पडला म्हणून ते दार बंद होत नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगचं थेट दुसरं वर्ष. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मधल्या मुलींची, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, असेल तर, इंजिनिअरिंगची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. हे घर ओबीसी, त्यामुळे पुढच्या फीसाठी आत्ता सोळा हजारांच्या मागे धावायची गरज नाही, हे आईला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली. डायरेक्ट सेकंड इयरला आयटीआयची पोरं अडकतात ती गणितात. आमच्याकडे वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं, तिथे इंटिग्रेशन येतं. आत्ता गेलीस तर पहिल्या दिवसापासून पळावं लागेल. वर्षभर चांगल्या टूलरूममध्ये, जिथे साचे आणि हत्यारं बनतात, अप्रेंटिस केलीस तर ड्रॉइंग वाचायला पक्की होशील, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, हात बसेल, पण गणित मात्र तुझं तुलाच करावं लागेल, कंपनी ते करून घेणार नाही. तिला थिअरीची ओढ असती तर मी सरळ डिप्लोमाला जा म्हणलो असतो. पण ठोकळ्यांपाशी उभी राहून बोलताना तिला बघितल्यावर मला वाटत होतं की हिला अजून वर्षभर मशीनवर राहू द्यावं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

भोसरीतल्या एका टूलरूममधल्या ट्रेनिंगवाल्यांना सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. करार पोर्टलवर होतो का, कोणत्या मशीनवर किती महिने ठेवता, मागच्या वर्षीची पोरं परीक्षेला बसवली का, हे विचारलं. उत्तरं नीट मिळाली, सरफेस ग्राइंडर, मिलिंग, मग व्हीएमसी. स्टायपेंड दहा हजार. मामांनी मध्येच विचारलं, "साहेब, मुलींसाठी वेगळी चेंजिंग रूम आहे का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि तो विचारायलाच हवा होता. आहे म्हणाले.

मुलगी म्हणाली, "मी भोसरीला जाते. पण पुढच्या जूनमध्ये डिप्लोमाचा फॉर्म भरणार, आई, आणि रविवारी गणिताचा क्लास आत्तापासून लावणार." आई लगेच हो म्हणाली नाही. कागदावरचा रस्ता परत एकदा समजावून घेतला, मग क्लासची फी किती ते विचारलं. मामांनी बाहेर जाऊन कॉन्ट्रॅक्टरला नाही म्हणून कळवलं.

निघताना आईला म्हणलं, ताई, डोमिसाइल आणि नॉन क्रीमी लेयरचे अर्ज आत्ताच टाकून ठेवा, जूनमध्ये सेतूला पाय ठेवायला जागा नसते. तिने मुलीच्या वहीत लिहून घ्यायला लावलं.