नंबर न देता ठेवलेला फोन

सांगलीच्या खणभागातल्या एका जुन्या दवाखान्यात मी १९ वर्षं काउंटर सांभाळते. डॉक्टर एकटेच. फोनवर नंबर लावायला सकाळी नऊला सुरुवात होते आणि वीस मिनिटांत सकाळचे ३० नंबर संपतात. मार्चमध्ये तर बघायलाच नको. मार्केट यार्डात नवी हळद आलेली असते, त्या धुरळ्यानं खोकणारे हमाल येतात, ऐन परीक्षेत तापानं फणफणलेली पोरं येतात.

अशाच एका मार्चमधली सकाळ. पावणेदहाला फोन आला, कवठेपिरानहून. आवाज तरण्या बाईचा.

"ताई, संध्याकाळचा एक नंबर लावा की. आत्तींना जरा बरं न्हाई."

"काय होतंय?"

"तोंड जरा वाकडं दिसतंय. चहाचा कप हातातनं पडला. वारं लागलं आसंल, असं म्हणत्यात सगळी."

दोन वर्षांपूर्वीची मी असते, तर 'सातला या' म्हणून फोन ठेवला असता. तसाच ठेवला होता एकदा. यार्डातल्या एका माणसाचा फोन होता, छातीत जळजळतंय म्हणून. मी काही न विचारता त्यांना ३८वा नंबर दिला. ते रात्री आले तेव्हा घामानं भिजलेले होते. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तर सकाळीच झटका येऊन गेलेला. जीव वाचला, पण हृदयाची ताकद कायमची कमी झाली. हमाली सुटली. डॉक्टर मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पुठ्ठ्यावर स्केचपेननं प्रश्न लिहिले आणि फोनच्या वर खिळ्याला अडकवले. ते प्रश्न मला आता झोपेतही पाठ आहेत.

"त्यांना दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा."

पलीकडे गलका झाला. "डावा खाली येतोय ताई."

"बोलणं?"

"जड येतंय. तोंडात काहीतरी धरून बोलल्यागत."

"शेवटचं धडधाकट कधी बघितलं?" पुठ्ठ्यावर या प्रश्नाखाली दोन रेघा आहेत. वेळ मोजायची ती माणूस शेवटचं ठीक होतं तिथपासून, आपल्या लक्षात आलं तिथपासून नव्हे.

"सातला म्हशीची धार काढून आल्या की. मग मी बघितलं ते नऊला."

म्हणजे सातपासून. मेंदूच्या नसेतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेअकराला मुदत संपणार होती. त्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण आत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठतं. आमच्याकडे स्कॅन कुठला?

मी म्हणाले, "नंबर देत नाही मी. इथं आणूच नका."

ती गप्प झाली. मग अगदी हळू म्हणाली, "बाकावर बसतो की ताई. कितीबी येळ बसतो."

ते शब्द अजून कानात आहेत. तिला वाटलं, मी तिला वाटेला लावतेय. आम्ही काउंटरवाल्यांनीच लोकांना ही सवय लावली आहे, की दवाखान्यात शिरायचं तर आधी गयावया करायची.

मी तिला समजावलं. हा लकवा आहे, थेट मिरजेला जा. पाणी, चहा काही पाजू नका, गिळता आलं नाही तर फुप्फुसात जाईल. घरातली बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. कुणी गावठी औषधाला न्या म्हटलं तर ऐकू नका. १०८ ला फोन करा, पण शेजारची गाडी दारात असेल तर अँब्युलन्सची वाट बघत बसू नका. मग मी दार न वाजवता आत गेले. डॉक्टरांनी पेशंटच्या दंडाचा पट्टा तसाच ठेवून मिरजेतल्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला, स्कॅन तयार ठेवायला सांगितलं.

बाहेर १२ नंबरवाले माझ्यावर चिडले होते, फोनवर गप्पा मारतेय म्हणून. त्यांचंही चुकलं नाही, ते आठपासून बसून होते.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. शेजाऱ्याच्या गाडीनं पावणेअकराला पोचले, स्कॅनमध्ये गाठच निघाली, अकरा वाजून दहा मिनिटांनी इंजेक्शन दिलं. बोलणं दोन दिवसांत सुधारलं. डाव्या हाताची बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत, धार सून काढते.

मेमध्ये त्या स्वतः आल्या. त्यांचा जुना केसपेपर काढला, तेव्हा मला दिसलं की बीपीच्या गोळीसाठी त्या शेवटच्या आल्या होत्या नोव्हेंबरात. मध्ये चार महिने गोळीच नव्हती. का बंद केली, विचारलं. "एका गोळीसाठी आख्खा दिस मोडतोय बाई. भांगलणीची हजरी बुडती." झटका आल्यावर मी वाट मोकळी करून दिली, आणि झटका येऊ नये म्हणून लागणारी साधी तपासणी त्यांना आमच्या रांगेमुळं परवडत नव्हती.

त्या रात्री दवाखाना बंद करताना मी डॉक्टरांना हे सांगितलं. जूनपासून बुधवारी दुपारी तीन ते साडेचार फक्त बीपी आणि शुगरवाल्यांसाठी ठेवलं. तापाचे पेशंट नाहीत, वेळ महिनाभर आधी ठरलेली, केसपेपरवरच लिहून द्यायची. डॉक्टरांची दुपारची झोप गेली, पण ते लगेच हो म्हणाले. सकाळच्या ३० पैकी पाच नंबरही आता अकरापर्यंत मोकळे ठेवते, ऐनवेळच्यांसाठी. त्यावरून ओळखीचे लोक भांडतात. भांडू देत.

पहिल्या बुधवारी ११ जण आले. त्यांतल्या चौघांनी गोळ्या केव्हाच सोडल्या होत्या.