तुम्ही विचारलंत म्हणून: या रशियन बायका कशाला?

घरी येणारा माणूस कौतुकानं माझा नाण्यांचा अल्बम उघडतो, दोन पानं उलटतो आणि विचारतो, "अहो, मराठी माणसानं शिवराई जमवावी. या रशियन बायका कशाला?" प्रश्न रास्त आहे. बायकांचं म्हणाल तर त्याला माझा इलाज नाही. रशियाचा बादशहा पीटर द ग्रेट १७२५ मध्ये गेला. तेव्हापासून १७९६ पर्यंतच्या एकाहत्तर-बहात्तर वर्षांत सुमारे ६७ वर्षं रशियाच्या गादीवर बायकाच होत्या: पहिली कॅथरीन, अ‍ॅना, एलिझाबेथ, दुसरी कॅथरीन. अधूनमधून एखादा मुलगा, एखादा पुरुष आला आणि लगेच गेला.

पण मी अडकलो तो वेगळ्याच कारणानं. आपल्याकडे त्याच काळात पेशवाईतले रुपये मुघल बादशहाच्या नावानं पडत होते. फारसी अक्षरं, चेहरा कुणाचाच नाही. दिल्लीत कोण बसलंय याची फारशी पर्वा न करता टांकसाळ चालू. रशियात मात्र गादीवर माणूस बदलला की चांदीवरचं तोंड बदलायलाच हवं, आणि तेही घाईनं. या घाईचाच मला नाद आहे.

माझ्याकडे एलिझाबेथचा १७४२ चा रूबल, म्हणजे रशियाचा चांदीचा रुपया, आहे. तळहाताचा खळगा भरेल एवढा. या रूबलचं ठरलेलं वजन २५.८५ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून जास्त. मुकुट, खांद्यावर रुळणारे कुरळे केस, भरलेले गाल. सुरेख बाई. पण नाणं दिव्याखाली तिरपं धरून भिंगातून पाहिलं, की मुकुटाच्या मागे, अक्षरांच्या मधे, तीन उभ्या रेघा दिसतात. एक ठळक, दोन पुसट. तिच्या नावात त्यांचं काही काम नाही. त्या एका बाळाच्या आहेत.

ते बाळ म्हणजे सहावा इव्हान. १७४० मध्ये बादशहा झाला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. त्याच्याही नावाचे रूबल निघाले. तान्ह्या पोराच्या डोक्यावर विजयी सेनापतीसारखी पानांची माळ, आणि भोवती लिहिलेलं 'इव्हान तिसरा'. इतिहासात सहावा, नाण्यावर तिसरा, कारण तिथं मोजदाद पहिला झार इव्हान द टेरिबल याच्यापासून धरली होती. नोव्हेंबर १७४१ मध्ये एका रात्रीत एलिझाबेथनं गादी घेतली आणि सव्वा वर्षाचं पोर कैदेत गेलं. मग हुकूम सुटला: त्याच्या छापाची नाणी जमा करा, बदलून घ्या. मुदत संपल्यावर ती बाळगणं हाच गुन्हा. जमा झालेल्यांपैकी कित्येक वितळवण्याचीही उसंत घेतली नाही, तशीच नव्या ठशांमध्ये ठेवून दाबली. दाब कुठे कमी पडला तर खालचं पोर थोडंसं वर राहिलं. माझ्या त्या तीन रेघा म्हणजे 'तिसरा' मधला तिनाचा आकडा, असं मी धरून चाललो आहे.

खरा इव्हान मात्र वर आलाच नाही. १७६४ मध्ये श्लिसेलबर्गच्या किल्ल्यात कुणी तरी त्याला सोडवायला आलं आणि पहारेकऱ्यांनी, आधीच मिळालेल्या हुकमानुसार, त्याला मारून टाकलं. वय पुरतं चोवीसही नव्हतं. त्याचा मूळ रूबल माझ्याकडे नाही आणि माझ्या पेन्शनीत येणारही नाही.

दुसऱ्या कॅथरीनचे मात्र परवडतात. चौतीस वर्षं राज्य केलं बाईनं, नाणी पुष्कळ. ओळीनं मांडली की १७६२ ची तरतरीत तरुणी साठी ओलांडेपर्यंत डोळ्यांदेखत जाडावत जाते, हनुवटीखाली दुसरी हनुवटी येते. गादीवर बसताना या बाईनं नवऱ्याला हटवलं होतं. मुलगा पॉल आल्यावर त्यानं चेहऱ्यांचा खेळच मोडला. त्याच्या रूबलवर चेहरा नाही, बायबलमधलं एक वचन आहे: आम्हाला नको, आम्हाला नको, तुझ्या नावाला. नेहमीच्या चलनी रूबलवर राजाचं तोंड परत यायला त्यानंतर १८८६ उजाडलं.

नकली माल भरपूर फिरतो, म्हणून घेताना वजनकाटा खिशात असतो. चुंबक, कडेवरची अक्षरं, सगळं बघतो. तरीही सगळ्यात मोठं नुकसान घरातच झालं. एका दिवाळीत कॅथरीनचा १७७० चा रूबल टेबलावर विसरलो, आणि आईनं ताम्हन-निरांजनासोबत तोही रांगोळीनं घासून लख्ख केला. अडीचशे वर्षांचा काळपट रंग दहा मिनिटांत गेला. संग्राहकाच्या लेखी नाणं मेलं. मी डोकं धरून बसलो, तर आई म्हणाली, "राणीच आहे ना? मग ठेव की लक्ष्मीपुढे."

तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला व्हिक्टोरियाच्या रुपयाशेजारी कॅथरीन बसते. हळदकुंकू दोघींनाही लागतं.