रकाना क्रमांक सात

‘वाटप साहित्य व लाभार्थी संख्या.’ आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवाकार्याच्या फॉर्ममधला हा सातवा रकाना. चार महिने गेले त्यात माझे. अजून आठवलं की डोकं तापतं.

कुष्ठरोगातून बरे झालेल्या लोकांच्या वसाहतीत मंडळी वर्षातून एकदा जायची. चादरी, प्रार्थना, फोटो, परत. मला चित्रं काढता येतात, दुसरं फारसं काही येत नाही. म्हणून वाटलं, दर शनिवारी दोन तास तिथे बसून सगळ्यांबरोबर चित्रं काढावीत. वसाहतीच्या व्यवस्थापकांनी फोनवरच ‘या की’ म्हटलं. अडलं ते आमच्याच कमिटीत.

पहिल्यांदा रकाना कोरा ठेवला. फॉर्म परत आला, वर लाल शाईत ‘अपूर्ण’. दुसऱ्यांदा खरं ते लिहिलं: ‘काही वाटणार नाही. सोबत बसून चित्रं काढणार.’ सेक्रेटरी म्हणाले, “ताई, मग हे सेवाकार्यात कसं बसवायचं?” तिसऱ्या वेळी लाभार्थी किती ते विचारलं. कोण येऊन बसेल हे मला आधी कसं कळणार? पुढची बैठक रद्द. त्याच्या पुढच्या बैठकीत विषय शेवटी, आणि सगळ्यांना घरी जायची घाई.

मग एकाने लागण होण्याची भीती काढली. ही माणसं सहा किंवा बारा महिन्यांची औषधं पूर्ण करून केव्हाच बरी झालीत, मी सांगितलं. रोग गेला, नसांचं झालेलं नुकसान तेवढं राहिलं. कित्येकांना घरच्यांनी परत नेलं नाही म्हणून ती तिथे आहेत. दुसऱ्याने विचारलं, “त्यांना ब्रश तरी धरता येईल का?” तेव्हा मी चिडले. खरं तर पूर्ण बैठकीतला तो एकच कामाचा प्रश्न होता.

शेवटी बायबलमधल्या ‘निर्गम’चा ३१ वा अध्याय उघडून वाचला. देव बसालेलाचं नाव घेऊन सांगतो की याला मी आत्म्याने परिपूर्ण केलं आहे, आणि बसालेल कोण, तर कारागीर! सोनं, रुपं, लाकूड, कोरीवकाम. “ते निवासमंडपासाठी होतं,” सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूसाठी. पाळकसाहेब खाली बघून हसले, पण बोलले काही नाहीत. त्याचाही राग आहे.

वाट काढली खजिनदारांनी. “ताई, लिहा, रंगसाहित्य वाटप, २० संच.” लिहिलं. दोन मिनिटांत मंजूर. तुमचंही असं अडलं तर तत्त्वाचं भांडण नंतर करा, आधी रकाना भरा. मला हे उशिरा सुचलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

पहिल्या शनिवारी सहाजण आले. चौदा संच कपाटात.

ब्रशचं सांगायचं राहिलं. बोटं वळलेली असतील तर बारीक दांडा धरता येत नाही. दांड्याला फडक्याच्या पट्ट्या गुंडाळून तो जाड करा, लागलं तर तळहाताला सैलसर पट्टीने बांधा. आणि धारदार काही नेऊ नका, गरम पाण्याचं भांडं जवळ ठेवू नका. हाताला संवेदना नसते, कापलं-भाजलं तरी कळत नाही. काम झाल्यावर प्रत्येकाचा हात उलटापालटा करून नीट बघायचा. ती सवय तिथल्या लोकांना असतेच, आपल्याला लावून घ्यावी लागते.

मला ती लागायला तीन शनिवार लागले. मार्क १:४१ मध्ये येशूला कळवळा येतो, तो हात पुढे करून कुष्ठरोग्याला स्पर्श करतो आणि मग बोलतो. मी नुसतीच बोलत होते, भरपूर. लागणीची भीती नव्हती, संकोच होता. एका आजींनी पट्टी बांधायला हात सरळ माझ्या मांडीवर ठेवला, तेव्हा माझी बडबड थांबली.

त्याच आजींचे हात मी पुढे एकदा काढले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला.

“ही बोटं कोणाची गं?”

मी सगळी सरळ काढली होती. खोडरबर आजींनीच माझ्याकडे सरकवलं आणि हात पुन्हा समोर ठेवला.