‘गो’ म्हणजे नुसतं ‘जाणे’ नव्हे

इंग्रजी शिकवताना ‘गो म्हणजे जाणे’ हे पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. मग नोकरीला लागल्यावरही चुका होत राहतात त्या याच क्रियापदात. खरं तर त्यातलं बरंचसं आपल्या मराठी कानाला आधीच ठाऊक असतं.

सर्वांत जास्त घोळ ‘गॉन’ आणि ‘बीन’चा. समोर बसलेला माणूस सांगतो, ‘आय हॅव गॉन टु सिंहगड’. ‘हॅज गॉन’ म्हणजे गेलाय, अजून परतलेला नाही. जाऊन आला असाल तर ‘आय हॅव बीन टु सिंहगड’. ‘बाबा स्वारगेटला गेलेत’ आणि ‘बाबा स्वारगेटला जाऊन आलेत’ यात मराठीत कुणीच गोंधळत नाही. ‘गेलेत’ला ‘गॉन’, ‘जाऊन आलेत’ला ‘बीन’, एवढी जोडी पक्की करा. मात्र वाक्यात काल, रविवारी, २०१९ साली असा सरलेला काळ आला की दोन्ही बाद: ‘आय वेंट टु सिंहगड ऑन संडे’.

हा ‘वेंट’ मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’ने तो आपलासा केला. आपल्याकडेही तसंच झालंय. ‘जातो’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून, ‘गेला’ आला ‘गम्’च्या ‘गत’पासून. ‘डिड नॉट वेंट’ चुकतं कारण भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो, मागे फक्त ‘गो’ उरतो.

‘टु’ कधी लावायचा? ‘गो टु होम’ चूक, कारण इथे ‘होम’चा अर्थ घर नाही, ‘घरी’ आहे. ‘घरी’ला पुन्हा ‘ला’ आपणही लावत नाही. देअर (तिकडे), अब्रॉड (परदेशी), अपस्टेअर्स (वरच्या मजल्यावर) यांचंही तेच. तुळशीबागेत खरेदीला जायचं असेल तर ‘गो शॉपिंग इन तुळशीबाग’. तिथे ‘टु’ येत नाही, कारण ठिकाणाचा संबंध ‘शॉपिंग’शी जुळतो: खरेदी तुळशीबागेत होते.

आता माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. ‘गो’च्या पुढे विशेषण आलं की हालचाल संपते, अवस्था बदलते, आणि तो बदल बहुधा बिघाडाचा असतो. मराठीत हे काम पुष्कळदा ‘पडणे’ करतं. चेहरा पांढरा पडला: ‘हिज फेस वेंट व्हाइट’. हात गार पडले: ‘वेंट कोल्ड’. केळी काळी पडली: ‘वेंट ब्लॅक’. टक्कल पडलं: ‘ही वेंट बॉल्ड’. बोलता बोलता फोन बंद पडला: ‘वेंट डेड’. पण सरसकट ‘पडणे’ तिथे ‘गो’ असं समजू नका. आजारी पडण्याला ‘फॉल इल’ किंवा ‘गेट सिक’च. दमणं, म्हातारं होणं, चिडणं यांनाही ‘गेट’.

‘गो ऑफ’ नीट ऐकायला हवं. लाइट ‘वेंट ऑफ’ म्हणजे गेली, पण अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला. ‘माय अलार्म डिडंट गो ऑफ’ याचा अर्थ अलार्म बंद होईना असा नाही, तो वाजलाच नाही. दूध ‘वेंट ऑफ’ म्हणजे नासलं.

राहिलं निरोपाचं. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याचं ‘आय ॲम कमिंग’ केलं की ऐकणाऱ्याला कळत नाही, दारातून बाहेर पडणारा माणूस येतोय कुठे. तिथे ‘आय ॲम ऑफ’ किंवा ‘आय शुड बी गोइंग’ म्हणा. उलट, ज्याच्याकडे जायचंय त्यालाच फोनवर ‘निघालोय, येतोच’ सांगताना मात्र ‘कमिंग’च हवं, कारण ऐकणाऱ्याच्या दिशेने होणारी हालचाल इंग्रजीतही ‘कम’. तिथे ‘आय ॲम गोइंग टु युवर हाउस’ म्हटलंत, तर तो घरी नसताना तुम्ही तिकडे निघालात असं त्याला वाटेल.